घरपोच दारूविरुद्ध आमच्या लेआउटची तक्रार: माझा अनुभव

आमचा लेआउट गावाला लागूनच. काही वर्षांआधी इथं तूर-पऱ्हाटी होती, आता मास्तर लोकांची, एसटीतून निवृत्त झालेल्यांची, सोसायटीत नोकरी करणाऱ्यांची घरं झाली. त्यातल्याच एका घरातून दारूचा धंदा सुरू झाला. पाटी नाही, गुत्ता नाही, नालीत पडलेला माणूस नाही. त्या घरचा पोरगा व्हॉट्सॲपच्या स्टेटसला भाव टाकायचा, लोक फोनपे करायचे, पव्वा घरपोच. छापील किमतीवर तीस रुपये जास्त, वावरात आणून पाहिजे तर पन्नास. माल नकली नव्हता, परवान्याच्या दुकानातूनच पेट्या यायच्या.

त्यामुळं बरेच दिवस कोणी काही बोललं नाही. "उघडपणे विकतेच ना जी दुकानात, मग यानं विकली तर काय झालं?" असं शेजारचे भाऊ म्हणायचे. मलाही रात्री-बेरात्री थांबणाऱ्या गाड्यांचा त्रास, एवढंच. पण पोळ्याच्या करीला दहावीतला एक पोरगा शाळेच्या दप्तरात पव्वे घेऊन जाताना दिसला. एका फेरीचे वीस रुपये. आपल्या राज्यात बिअर घ्यायला 21 वर्षं पूर्ण लागतात, विदेशी दारूला 25. इथं पोचवणाराच पंधराचा! त्याची आई आमच्याच बचत गटात. मग बाया पेटल्या.

बैठकीत सगळ्यांचं एकच, आडवी बाटली करायची. ती पद्धत अशी: गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्के बायांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. माझा भाचा वकिली करतो. तो म्हणाला, "मावशी, ते परवान्याच्या दुकानासाठी आहे. याच्याजवळ परवानाच नाही, तर बंद काय करसान?" बायांना हे पटवायलाच मला जास्त जोर लावावा लागला. मतदान म्हटलं की उत्साह येतो, कागद म्हटलं की सगळ्यांना सैपाक आठवतो.

ते दारूबंदीचं राजकारणही मी बाजूलाच ठेवलं. वर्धा नदीच्या पलीकडं वर्धा जिल्ह्यात बंदी आहे, आमच्या यवतमाळात नाही. चंद्रपुरात 2015 ला झाली आणि 2021 ला उठली. त्यावर भांडणारे भांडोत. आमचं म्हणणं एवढंच होतं की वस्तीतल्या घरातून विनापरवाना विक्री नको, आणि लेकरांच्या हातून तर नकोच.

पहिलं काम केलं ते माहिती अधिकाराचं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून उत्पादन शुल्क विभागाला एकच प्रश्न विचारला: अमुक घर क्रमांकावर मद्यविक्रीचा परवाना दिला आहे काय? तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, नाही. हा एका ओळीचा कागद पुढं फार कामी आला. "आम्ही दुकानदाराचीच डिलिव्हरी करतो" असं सांगत फिरायची सोय त्यानं बंद झाली. टाळेबंदीत, 2020 मध्ये, सरकारनं घरपोच दारूला मुभा दिली होती हे खरं, पण ती परवानाधारक दुकानांना. विनापरवाना विक्री हा दारूबंदी कायद्याच्या कलम 65 (ई) खाली गुन्हाच आहे, बाटली सीलबंद असली तरी.

दरम्यान 2 ऑक्टोबरची ग्रामसभा आली. आदल्या दिवशी महिला सभा घेऊन ठराव मांडला. दारू विकणारा पोरगा पदाधिकाऱ्याच्या नात्यातला, म्हणून ग्रामसभेत विषय 'ऐनवेळच्या विषयांत' ढकलला गेला. बाया उठल्याच नाहीत. शेवटी ठराव वाचला, मंजूर झाला, आणि नक्कल मी तिथंच मागून घेतली. त्याच दिवशी संध्याकाळी त्याचं स्टेटस: "ड्राय डे स्पेशल, माल उपलब्ध." स्टेटस चोवीस तासांत उडून जातं, म्हणून स्क्रीनशॉट काढून त्यावर तारीख-वेळ लिहून ठेवली.

ठराव, माहिती अधिकाराचं उत्तर, स्क्रीनशॉट आणि सह्या लावून तक्रार दिली. 'गावात दारू विकली जाते' असं मोघम लिहिलं नाही. माल कधी येतो, गाडी कोणत्या रंगाची, पेट्या कुठं उतरतात, सगळं लिहिलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

पहिल्या धाडीत काहीच सापडलं नाही. घर धुतल्यासारखं स्वच्छ. कोणी कळवलं, देव जाणे.

दुसरी धाड 26 जानेवारीच्या आदल्या दिवशी पडली. ड्राय डेसाठी माल भरून ठेवतो, हे आम्ही तक्रारीत लिहिलंच होतं. यावेळी पथक घरात न थांबता मागच्या टिनाच्या कोठ्यात गेलं. कुटाराच्या ढिगात काठी खुपसली तर खर्ड्याच्या पेट्यांना लागली. पेट्या बाहेर आल्या तसे बघे वाढले, पण साहेबांनी "पंच म्हणून दोघं या" म्हटल्याबरोबर सगळा घोळका पांगला. ठराव हात वर करून मंजूर करणारे, "जाळून टाका" म्हणणारे, सगळे. एकाला तर तेवढ्यात मोटार बंद करायची आठवण झाली. पंच म्हणजे नुसती सही नाही, उद्या कोर्टात उभं राहायचं, आणि आरोपी चार घरं सोडून राहतो. मला त्यांचा राग आला नाही. मी तक्रारदार होते, मला तर पंच होताही येत नव्हतं. शेवटी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका पुढं आले आणि त्यांनी "तू पण ये बे" म्हणून दूधवाल्याला हाताला धरून आणलं. पंचनामा झाला. बाटल्यांसोबत त्याचा मोबाइलही जप्त झाला. खरं दुकान तेच होतं.

दारू विकणाऱ्या पोराची आई दुसऱ्या दिवशी माझ्या फाटकाशी आली. "काऊन जी बाई, माह्या लेकराच्या पोटावर काऊन पाय देल्ला?" मी तिला आत बसवलं, चहा ठेवला. तिनं घेतला नाही.

जामीन लगेच झाला, खटला चालू आहे. दारूबंदी कायद्याच्याच कलम 93 खाली चांगल्या वागणुकीचं बंधपत्र घ्यावं, असा अर्जही आम्ही दिला आहे. धंदा आमच्या लेआउटमधून हलला, पण गावातून गेला असं मी म्हणणार नाही. हल्ली दुसऱ्याच एका नंबरवरून भाव येतात. गटातल्या बायांची पोरंच मला ते पाठवतात, मी तारीख टाकून फाइलला लावते. गावातल्या अवैध दारूवर नजर ठेवणाऱ्या ग्रामरक्षक दलासाठी सह्या सुरू आहेत. ड्रायव्हर काकांनी पहिली केली, दूधवाला अजून विचार करून राहिला.