मार्क टू, मार्क थ्री आणि उतरलेले सेल

रविवारी आमरस-पुरी झाली की मला एकच काम असतं आणि ते आडवं होऊन करायचं असतं. पण सध्या शाळांना सुट्ट्या लागल्यात आणि खालच्या मजल्यावरच्या मुलाला त्याच्या मामाने गिटार आणून दिलीय. बरोबर पावणेतीनला सुरू होतं. टँ टँ टँऽऽ, टँ टँ ट-टँऽऽ. गिटार हातात आली की पोरं पहिल्यांदा जो तुकडा वाजवतात तोच, डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चा. वाजवू दे की, सुट्टी आहे, पोरगं घरात आहे, मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा बरंच. माझी तक्रार वेगळीच आहे. तो पिकने वाजवतो, तारा छेडायच्या त्या छोट्या चकतीने.

पिकने वाजवायचंच नाहीये ते. त्यांचा गिटारवाला रिची ब्लॅकमोअर तो तुकडा बोटांनी छेडतो, दोन तारा एकदम, सा आणि म एवढ्या अंतरावरच्या, चिमटीत पकडून सोडल्यासारख्या. पिकने वाजवलं की आधी एक तार वाजते मग दुसरी, आणि त्या दोघींच्या मधल्या केसभर फटीत माझी झोप अडकते. हे मी बायकोला समजावून सांगत होतो तर ती म्हणाली, तुला झोपायचंय की त्याला शिकवायचंय ते एकदा ठरव, आणि कूस बदलून झोपली. तिला कुठल्याही आवाजात झोप लागते. ती डोंबिवलीची आहे, स्टेशनला लागून घर होतं.

मग मी जागाच राहिलो.

आमचं घर तेव्हा गिरगावात, चाळीत. मी आठवीत असताना मोठ्या मावसभावाने मला एक कॅसेट भरून दिली. साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. वरच्या कार्डावर बॉलपेनने 'डीप पर्पल' एवढंच लिहिलेलं, साइड ए आणि साइड बी, बस. गाण्यांची नावं लिहायचा त्याला कंटाळा. साइड एला त्यांचा १९७२ चा अल्बम 'मशीन हेड' आणि साइड बीला १९७४ चा 'बर्न', हे मला आज माहितीय. तेव्हा मला वाटायचं की ही एकच सलग कॅसेट आहे आणि गाणारा माणूसही एकच आहे.

आता ज्यांना माहितीय ते इथेच हसले असतील. कारण या दोन बाजूंच्या मध्ये अख्खं महाभारत झालेलं होतं. गायक इयन गिलन बँड सोडून गेला, बेसवाला रॉजर ग्लोव्हर गेला, आणि गिलनच्या जागी डेव्हिड कव्हरडेल आला, जो तोवर एका कपड्याच्या दुकानात सेल्समन होता, वय वर्षं एकवीस. त्याच्या जोडीला बेस वाजवणारा ग्लेन ह्यूज, तोही गाणारा. म्हणजे गायकच दोन झाले. बँडमधली माणसं बदलली की चाहते त्या संचाला नवा नंबर देतात, त्यांच्या भाषेत मार्क टू संपला आणि मार्क थ्री सुरू झाला. माझ्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. माझ्यापर्यंत एवढंच पोचलं होतं की बाजू पालटली की आवाज जरा जाड आणि भारदस्त होतो.

मी म्हटलं सेल उतरले.

तेव्हाच्या टू-इन-वनला सेल उतरले की तेच व्हायचं ना, टेप हळू फिरायची आणि लताबाईसुद्धा घसा बसल्यासारख्या यायच्या. चाळीत घरात एकच प्लग आणि त्यावर आधी इस्त्रीचा आणि मग आजोबांच्या रेडिओचा हक्क, त्यामुळे मी सेलवर. मग साइड बी लावायच्या आधी मी चारी सेल काढून गॅलरीत कठड्यावर उन्हात ठेवायचो, तासभर. आईच्या कुरडयांच्या शेजारी. तापलेले सेल परत घालायचे, लावायचं, तरी आवाज जाडच. मग वाटायचं ऊन कमी पडलं. पावसाळ्यात तर मी साइड बी जवळजवळ ऐकलीच नाही.

आणि तीस मिनिटांचा अजून एक घोळ. 'मशीन हेड' पूर्ण भरायला तीस मिनिटं पुरत नाहीत. पहिली पाच गाणी बसतात, सहावं सुरू होतं, 'लेझी'. ते मोठं गाणं आहे, सुरुवातीला चार-साडेचार मिनिटं नुसतं वाजवणं, जॉन लॉर्डचा ऑर्गन आधी एकटाच गुरगुरत असतो, मग सगळे येतात आणि मस्त गाडी सुटते. गाणारा तोंड उघडतो न उघडतो तोच माझी टेप संपायची आणि बटण खट्‌कन वर यायचं. तीन वर्षं मी समजत होतो की 'लेझी'ला शब्द नाहीत आणि ते असं खट्‌ करूनच संपतं. म्हटलं काय डेरिंग आहे यार, कसं कुणाची पर्वा न करता तोडलंय.

अकरावीत कॉलेजात गेल्यावर आमचा चौघांचा अड्डा जमला, धोबी तलावला कयानीत. ब्रून मस्का आणि चौघांत तीन चहा. त्यातला एक एवढा कट्टर की त्याला आम्ही मार्क टूच म्हणायचो, खरं नाव त्याच्या आईनेच घ्यायचं. त्याच्या मते १९६९ ते ७३ एवढंच डीप पर्पल, त्याच्या आधी शाळा आणि नंतर पेन्शन. दुसरा होता तो मार्क थ्रीवाला, तो सोल आणि फंक असले शब्द वापरायचा आणि आम्हाला ते कळत नसल्यामुळे त्याचं वजन पडायचं. तिसरा फक्त मस्क्यासाठी यायचा. मी नवीन, म्हणून मी मोठ्या बाजूने, म्हणजे मार्क टूच्या. मान डोलवायचो. असे सात-आठ महिने निभावले.

मग एक दिवस फारच पेटलं आणि मला राहवलं नाही. मी टेबलावर थाप मारून म्हटलं, अरे सोड, गिलनचं 'बर्न' ऐक एकदा, त्याच्यापुढे कोण आहे?

शांतता. मार्क टूने चहा खाली ठेवला. "कुणाचं?"

"गिलनचं."

मग त्याने खिशातून तिकीट काढलं, चर्चगेटपर्यंतचं, आणि त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरात मला पूर्ण वंशावळ लिहून दिली. मार्क वन, १९६८, रॉड इव्हान्स आणि निक सिम्पर. मार्क टू. मार्क थ्री. मार्क फोर, ब्लॅकमोअर जाऊन टॉमी बोलिन, आणि १९७६ मध्ये खेळ खल्लास. १९८४ ला मार्क टू परत. तिकीट संपलं म्हणून नव्वदचा गायक, जो लिन टर्नर, त्याने कडेला उभा लिहिला. सगळ्या ओळींत न बदललेली माणसं दोनच, ऑर्गनवाला जॉन लॉर्ड आणि ड्रमवाला इयन पेस. आता हिशोब मार्क नाइनवर गेलाय आणि पेस अजून बसलेलाच आहे. आमच्या आत्ताच्या सोसायटीतही तसंच आहे, कमिट्या नऊ झाल्या असतील, सेक्रेटरी भांडून गेले, परत आले, पण सकाळी सहाला टाकीचा व्हॉल्व फिरवणारा माणूस तोच.

तर ते सगळं झाल्यावर मी खालच्या आवाजात कबूल केलं की मला वाटलं सेल उतरलेत. त्या दिवसापासून माझं नाव सेल पडलं. आजही आहे.

मार्क टूचं हुकमी पान म्हणजे 'चाइल्ड इन टाइम'. १९७० चं, दहा मिनिटांचं. हे ऐक आणि मग बोल, असं म्हणून तो विषय बंद करायचा. एकदा मार्क थ्रीवाला कुठूनतरी शोधून आला की त्याची ती ऑर्गनची सुरावट सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे नावाच्या बँडची आहे, आणि त्यांच्या गाण्याचं नाव काय, तर 'बॉम्बे कॉलिंग'. मार्क टू खवळला. साफ खोटं, म्हणाला. खरं होतं. डीप पर्पलवाले स्वतःच सांगत आलेत, आणि त्या दुसऱ्या बँडनेही त्यांचं एक गाणं उचलून हिशोब मिटवलाय. पण मला आठवतं ते एवढंच की आम्ही बॉम्बेत बसून, बॉम्बेच्या नावाच्या गाण्यावरून, इंग्लंडातल्या पाच माणसांसाठी भांडत होतो आणि त्यातल्या एकालाही आम्ही डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं.

यात नवीन काही नाही म्हणा. आमचे आजोबा आणि समोरच्या खोलीतले नाना यांचं बालगंधर्वांवरून असंच चालायचं. आजोबांचं म्हणणं खरे बालगंधर्व 'संयुक्त मानापमान'पर्यंत, पुढे सगळा उतार. केशवराव भोसले धैर्यधर, नारायणराव भामिनी, असं कधी झालं नाही आणि होणार नाही. नाना 'कान्होपात्रा'चे. आवाज पिकल्याशिवाय भजन लागतच नाही म्हणायचे. एकदा तर दोन दिवस बोलणं बंद होतं, मग नळाला पाणी आलं तेव्हा हाका मारायला लागल्या म्हणून सुटलं. मी बाबांना विचारलं की आजोबांनी बघितलं होतं का ते संयुक्त. बाबा म्हणाले, ते झालं १९२१ ला मुंबईत आणि हे तेव्हा नऊ वर्षांचे, मालवणात. पण त्यांना सांगू नकोस.

सांगितलं नाही.

मग १९९५ च्या एप्रिलमध्ये खरंच डीप पर्पल मुंबईत आले. म्हणजे अजून बॉम्बेच, नाव बदललं ते त्याच वर्षी पण नंतर. मार्क टूने जाहीर केलं की तो जाणार नाही. कारण ब्लॅकमोअर नाही. ब्लॅकमोअर ९३ च्या नोव्हेंबरात दौरा चालू असताना सोडून गेलेला, आता स्टीव्ह मोर्स होता. ब्लॅकमोअरशिवाय डीप पर्पल म्हणजे विठोबाशिवाय पंढरपूर, असं म्हणाला. मीही त्याच्याबरोबर तत्त्वाने गेलो नाही. माझ्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते, तेव्हा तत्त्व मला स्वस्तातच पडलं. त्याच्याकडे होते.

आता जरा मोजा. गिलन होता, ग्लोव्हर होता, लॉर्ड होता, पेस होता. पाचातले चार मार्क टूचेच. एका माणसासाठी याने चौघांना नाकारलं.

मार्क थ्रीवाला, ज्याचे कव्हरडेल आणि ह्यूज दोघंही नव्हते, म्हणजे ज्याने खरं तर जायला नको होतं, तो गेला. आल्यावर आम्ही त्याला काही विचारलं नाही. पंधरा दिवस तो कयानीत समोर बसायचा, आम्ही क्रिकेटवर बोलायचो, आणि आम्हा तिघांनाही माहीत होतं की कशावर बोलत नाहीयोत. शेवटी मस्केवाल्यानेच विचारलं, कसे होते रे. तर तो म्हणाला, "जोरात होते," आणि परत ब्रून बुडवला. एवढंच. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पुढे निघालं, त्याला नाव दिलं 'बॉम्बे कॉलिंग'. ते मी अजून पूर्ण ऐकलेलं नाही. सुरू करतो आणि गर्दीचा आवाज आला की बंद करतो.

जॉन लॉर्ड गेला १६ जुलै २०१२ ला. बातमी आली त्या रात्री उशिरा मार्क टूचा टोरांटोहून फोन. मुलांच्या शाळा, त्याच्या आईचे गुडघे, इकडचा पाऊस, सगळं झालं. लॉर्डचं नावही नाही. ठेवता ठेवता म्हणाला, "सेल, जायला पाहिजे होतं रे." मी हो म्हटलं. त्याने ठेवला.

तर खाली ते चालूच होतं, टँ टँ टँऽऽ. चार वाजले तेव्हा मी उठलो, शर्ट घातला आणि खाली गेलो. मुलाच्या आईला वाटलं मी आवाजाची तक्रार घेऊन आलोय, ती आधीच सॉरी सॉरी करायला लागली. मी म्हटलं नाही नाही, जरा दाखवायचं होतं. मुलगा बारा-तेराचा, बसलेला गिटार घेऊन पंख्याखाली. मी त्याला म्हटलं, पिक ठेव, दोन बोटांनी उचल, दोन्ही तारा एकदम.

त्याने केलं. पहिल्याच झटक्यात बरोबर आलं. मला उगाच वाईट वाटलं.

"काका, तुम्ही वाजवता?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी त्याला गोष्ट सांगायला लागलो. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला हे लोक रेकॉर्डिंगला गेले होते, ४ डिसेंबर १९७१, कसिनोत फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि सगळा कसिनो जळून गेला, त्या तळ्यावर जो धूर पसरला तो हा धूर. मग जागाच राहिली नाही म्हणून थंडीसाठी बंद पडलेल्या एका हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये, भिंतींना गाद्या लावून बाकीची अख्खी रेकॉर्ड केली. हे मला फार आवडतं. आम्ही उन्हाळाभर चाळीच्या गॅलरीत गाद्या टाकून झोपायचो, त्यामुळे ते हॉटेल मला नेहमी गिरगावातलंच दिसतं.

मुलगा ऐकत होता, बऱ्यापैकी. त्याने पूर्ण गाणं कधी ऐकलेलंच नव्हतं, फक्त सुरुवात, ती पण शिकवणाऱ्या व्हिडिओत. "अजून काय आहे त्यांचं?" त्याने विचारलं. मी त्याच्या मोबाइलवर 'लेझी' लावायला सांगितलं.

ऑर्गन गुरगुरायला लागला. त्याच्या आईने सरबत आणून ठेवलं. एक मिनिट, दोन मिनिटं, मुलगा पायाने ताल धरायला लागला, मी डोळे मिटले. चौथं मिनिट गेलं आणि मला कळत होतं की आता येईल, आता येईल, माझा अंगठासुद्धा आपोआप हलला. बटणाची वाट बघत.

आणि गिलन गायला लागला.

"बंद कर," मी म्हटलं. "संपलं."

"काका, अजून तीन मिनिटं दाखवतंय."

"असू दे. पुढे काही नाही."