तुम्ही विचारलंत म्हणून: सैतान मार का खातो

‘मेल्यावरचा निवाडा ही काय हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे?’ फ्रान्सच्या बाहुल्यांच्या खेळातल्या पोलिशिनेलबद्दल हे दर वेळी विचारलं जातं. कुबडा पोलिशिनेल पोलिसाला बडवतो, जल्लादालाच फासावर चढवतो, मग त्याला न्यायला सैतान येतो आणि काही खेळांत तोही मार खातो. ही पापपुण्याची टिंगल, असं तुमचं म्हणणं.

टिंगल नाही. आधी हात बघा. ही पिंगुळीची कळसूत्री बाहुली नव्हे, मोज्यासारखी हातात घालायची बाहुली आहे. तर्जनी मानेच्या नळीत, अंगठा आणि मधलं बोट बाह्यांत. खेळ करणारा एकटा असेल तर उजव्या हातावर शेवटपर्यंत पोलिशिनेल आणि बाकी सगळं जग डाव्या हातावर. तराजू धरणारा देवदूत, वकील, साक्षीदार उभे करायचे कुठे? निवाडा दोघांतच उरकावा लागतो.

म्हणून सगळं फाशीवर अवलंबून असतं. फासाच्या दोरीत तार घालायची, नाहीतर फास मिटतो आणि डोकं आत जात नाही. मान कशी ठेवायची हे जल्लाद स्वतः करून दाखवतो. डोकं आत गेलं की आधी अंगठा आणि मधलं बोट काढून घ्यायचं, म्हणजे बाह्या लोंबतात. तर्जनी अर्धी बाहेर आली की पोलिशिनेल दोरी ओढतो. त्याआधी ओढली तर बोटच आवळलं जातं. मग तर्जनीही काढायची. क्रम उलटा झाला तर मान पडते आणि हात हलत राहतात, मरण खोटं दिसतं. नीट जमलं तर कापडाचा रिकामा घोळ लटकतो. बाहुलीचं मरण म्हणजे एवढंच, आतला हात गेला.

तोच हात खाली जातो. रंगमंचाच्या पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला सैतान घेरातल्या कडीने उलटा टांगलेला असतो, डोकं खाली, हात घालायची उघडी बाजू वर. न बघता हात आत शिरतो. तेवढ्या वेळात पोलिशिनेलने हसून जागा भरायची. जल्लादातून निघालेला हातच सैतान होऊन वर येतो. त्याला काठी बसली की मला तरी त्यात अधर्म दिसत नाही.

पूर्वी मी ‘हात दोनच असतात’ एवढंच सांगून थांबायचो. ते पुरत नाही. ल्यों शहरात लोरां मूर्गेने 1808 च्या सुमारास घडवलेल्या गिन्योल या हातात घालायच्या बाहुलीच्या खेळात पडद्यामागे दोघं-तिघं असतात, हात मुबलक असतात, तरी काठी चालतेच. म्हणजे मार ही निवड आहे, हे मान्य. पण गिन्योलचे खेळ 1865 मध्ये छापून जपले ते ओनोफ्रियो नावाच्या न्यायखात्यातल्या माणसानेच. त्याला त्यात न्यायाचा अपमान दिसला नसावा.

सैतानाने पोलिशिनेलला नेलं, असाही शेवट परंपरेत आहे. दोन्ही हात एकदम सरळ खाली घ्यायचे, काठी तेवढी फळीवर राहू द्यायची. तसं केलं की तुम्हीच येऊन विचारता, एवढं हसवून शेवट असा का.