मेणबत्त्यांचा पसारा आणि माझी लाडकी साधनं

आज दुपारभर किचन मेणबत्त्यांच्या ताब्यात. जळगावचा मे महिना, त्यात गॅस चालू! शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "माय वं, इतला ऊनमा गॅस काब्र पेटाडस?" उत्तर काय देणार, ऑर्डर होती.

माझं सगळ्यात लाडकं साधन म्हणजे टोकदार किचन थर्मामीटर. सोया मेण वितळतं साधारण ५० अंशांच्या आसपास, पण सुगंधी तेल मी ८५ ला आल्यावरच घालते, म्हणजे ते नीट मिसळतं. मेण थेट आचेवर कधीच नाही. पातेल्यात पाणी, त्यात चोचवाला स्टीलचा मग. पाणी १०० च्या वर जात नाही, त्यामुळे मेण भडकण्याची धास्ती नाही.

दुसरा मान डिजिटल वजनकाट्याचा. ५०० ग्रॅम मेणाला ८ टक्के तेल म्हणजे ४० ग्रॅम. चमच्याने अंदाजपंचे घालणाऱ्यांना माझा नमस्कार!

वात मधोमध धरायला महागडी पट्टी कशाला? कपडे वाळत घालायचा चिमटा ग्लासवर आडवा ठेवा, काम फत्ते. वर खड्डे पडले तर हेअर ड्रायर फिरवायचा. (केसांपेक्षा माझा ड्रायर मेणावरच जास्त चालतो.)

उन्हाळ्यात मात्र तयार ग्लास गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. आणि उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका. स्टीलचा मग गरम असतानाच जुन्या पेपरने पुसून घ्या. पाइप तुंबला की प्लंबर आणि सासूबाई, दोघांचंही ऐकावं लागतं.