तुम्ही विचारलंत म्हणून: पुढची चाकं ओढणारी गाडी आडवी जाते कशी?

"ताई, ज्या चाकांना इंजिनचा जोर पोचतच नाही, ती घसरवायची कशी?"

घसरलेली गाडी सावरायला मी शिकवते, ओल्या गुळगुळीत पट्ट्यावर, आणि पहिल्याच दिवशी हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याने मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं ड्रिफ्टिंग पाहिलेलं असतं. अॅक्सिलरेटर दाबला, टायरमधून धूर निघाला, गाडी आडवी. आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते, तेव्हा हा प्रकार आपल्या गाडीत होणारच नाही असं त्याने धरलेलं असतं. पट्ट्यावर उभं राहून उत्तर देताना घाई होते, अर्धं राहून जातं. म्हणून एकदा नीट लिहिते.

मागच्या चाकांना घसरायला इंजिनचा जोर लागतच नाही. त्यांच्यावरचं ओझं उतरलं की पुरे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, सगळा जड ऐवज पुढे. मागची दोन चाकं नुसती मागून येत असतात आणि त्यांच्यावर भारही कमी असतो. हजार किलोची छोटी गाडी घ्या. ६२० किलो पुढे आणि ३८० मागे असं धरू. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर. आता साधा पण ठाम ब्रेक मारला, गुरुत्वाकर्षणाच्या तीन-दशांश इतका, तर सुमारे ६२ किलो भार मागून पुढे सरकतो. मागे उरले ३१८. टायरची पकड त्याच्यावरच्या भाराप्रमाणे कमी-जास्त होते, म्हणजे पायाच्या एका हालचालीत मागची साधारण सहावा हिस्सा पकड गेली. सरळ रस्त्यावर हे जाणवतही नाही. वळणात मात्र मागचे टायर आधीच सगळी ताकद लावून रस्ता धरून असतात. तिथे एवढं पुरतं.

ब्रेकसुद्धा लागतोच असं नाही. वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचला. इंजिन गाडीला मागे धरतं, नाक खाली जातं, मागचा भाग हलका होतो. त्याच क्षणी पुढच्या टायरचं ओढायचं काम थांबतं आणि तीच पकड वळायला मिळते. नाक आत शिरतं, शेपूट बाहेर निघते. १९८४ साली आलेली प्यूजो २०५ जीटीआय ही छोटी फ्रेंच गाडी याच स्वभावासाठी ओळखली जाते. ज्यांना तो स्वभाव कळला ते तिच्या प्रेमात पडले, ज्यांना कळला नाही त्यांनी ती मागच्या बाजूने कुंपणात घातली.

मी स्वतः हे शिकले त्याच्या आधी भोगलं होतं. पाऊस, उतार, डावीकडचं वळण. गाडीला दोनच नवे टायर घेतले होते आणि ते पुढे टाकले होते, कारण पुढचे लवकर झिजतात आणि टायर बदलणाऱ्यानेही तसंच करायला सांगितलं होतं. मागे जुने, खाचा संपत आलेले. वळण वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आवळत गेलं आणि मी पाय उचलला. स्टिअरिंग एकदम हलकं झालं. बुडाखालची सीट उजवीकडे निघाल्यासारखी वाटली, आणि समोरच्या काचेत रस्ता होता तिथे वळणाच्या आतला बांध आला. मी ब्रेकवर उभी राहिले. गाडी गर्रकन फिरली आणि आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. मागून किंवा समोरून कुणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहिते आहे.

त्यामुळे टायरबद्दल मी हट्टी आहे. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढचे टायर सुटले तर गाडी वळायला तयार होत नाही, ते हाताला कळतं, वेग थोडा कमी केला की बहुतेक वेळा ती पुन्हा ऐकते. मागचे सुटले तर सावरायला सेकंदभरही मिळत नाही, आणि तेवढ्या वेळात काय करायचं हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता मुद्दाम आडवी करायची गोष्ट. हँडब्रेक सगळ्यांना माहीत असतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात: बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे अरुंद वळणात लिव्हरच्या टोकाचं बटण दाबून धरून क्षणभर ओढला की मागची चाकं अडतात आणि मागचा भाग फिरतो. बटण दाबून धरायचं, नाहीतर लिव्हर वर अडकून बसतो. साब ९९ सारख्या काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक पुढच्या चाकांवर होता, तिथे हा उपाय उपयोगाचा नाही. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत लिव्हरच्या जागी इलेक्ट्रिक बटण आलंय, त्यातून असा हलका, क्षणभराचा ओढा मिळत नाही.

मला खरी भुरळ पडते ती डाव्या पायाच्या ब्रेकची. उजवा पाय अॅक्सिलरेटरवर तसाच, डाव्याने ब्रेकवर हलका दाब. ब्रेक चारही चाकांना लागतो, पण पुढच्या चाकांना इंजिन फिरवत ठेवतं, त्यामुळे ती अडत नाहीत आणि ब्रेकचा खरा परिणाम मागच्यांवर उतरतो. जणू हँडब्रेकच, पण पायाच्या बोटांनी हवा तितकाच वापरायचा. स्वीडनचा रॅली-चालक एरिक कार्लसन याने याची किमया करून दाखवली. त्याची साब ९६ दोन-स्ट्रोक इंजिनाची, ८४१ सीसीची. त्या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळायचं, पाय उचलून गाडी उतारावर सोडली तर वंगण कमी पडायचं, म्हणून गाडीत फ्रीव्हील होतं. पाय उचलला की इंजिन चाकांपासून सुटायचं. मग इंजिनाने मागे धरून नाक खाली घालणार कसं? त्याने इंजिन चढतं ठेवलं आणि डाव्या पायाने गाडी फिरवली. एवढ्याशा इंजिनावर १९६०, ६१ आणि ६२ अशा लागोपाठ तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली आणि १९६२, ६३ च्या माँटे कार्लो रॅली त्याने जिंकल्या. पुढे फिनलंडच्या टिमो मॅकिनेन आणि राउनो आल्टोनेन यांनी मिनी कूपर एस अशीच चालवली आणि माँटे कार्लो जिंकली, मॅकिनेनने १९६५ साली, आल्टोनेनने १९६७ साली. ताकदीने मोठ्या गाड्यांना या छोट्या गाड्यांनी मागे टाकलं, त्यात या डाव्या पायाचा मोठा वाटा आहे असं मी मानते.

तुमच्या गाडीत करून बघणार असाल तर एक लक्षात ठेवा. आजच्या बऱ्याच गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबली की इंजिनचा जोर कापतात. शिवाय क्लचची सवय असलेला डावा पाय ब्रेकवर पहिल्यांदा ठेवलात तर तो ब्रेक दणकन मारणार. त्याला हलकं दाबणं माहीतच नसतं. आधी रिकाम्या जागेत सरळ रेषेत, रांगत्या वेगात सवय करा.

तिसरा प्रकार हेलकाव्याचा. वळण उजवीकडे असेल तर आधी क्षणभर डावीकडे स्टिअरिंग द्यायचं आणि पाय उचलत लगेच उजवीकडे. एका बाजूला झुकलेली गाडी दुसरीकडे पडताना मागच्या भागाला घेऊन जाते. रॅलीवाले हे मातीवर आणि बर्फावर करतात. शिकणाऱ्याला मी हे शेवटी देते, कारण हेलकावा एकदा सुरू केला की मध्येच थांबवता येत नाही.

आडवी करणं मात्र सोपं आहे. माझा सगळा वेळ जातो तो सावरायला शिकवण्यात, कारण तिथे पायाने नेमकं तेच करायला हवं जे त्याला भीतीने करवत नाही. मागच्या चाकांवर चालणारी गाडी जोराने घसरली तर पाय हळू सैल करावा लागतो. पुढच्या चाकांच्या गाडीत उलट: स्टिअरिंग जायचंय त्या दिशेला, नजर तिथेच, आणि अॅक्सिलरेटर दाबायचा. दाबला की भार पुन्हा मागे जातो, मागचे टायर रस्ता धरतात, आणि पुढची चाकं गाडीला दोरीने ओढल्यासारखी सरळ काढतात.

गेल्या खेपेला एक गृहस्थ होते, वीस-बावीस वर्षं गाडी चालवणारे. मी शेजारी बसलेली. पहिल्या वळणात मागचा भाग सुटला, हात बरोबर फिरले, पण बूट पेडलवरून पूर्ण वर. गिरकी. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी त्यांच्या बुटाकडेच बघत होते. पाय उचलला गेला, हवेत थबकला, ब्रेककडे गेला. हात ऐकत होते, पाय ऐकत नव्हता. मी सांगितलं, पुढच्या वेळी वळणाचा विचार सोडा, मी "आता" म्हटलं की अॅक्सिलरेटर पाव भाग दाबायचा, एवढंच. चौथ्यांदा दाबला. पुढच्या चाकांखालचं पाणी दोन्हीकडे उडालं आणि गाडी खेचल्यासारखी सरळ झाली. झाली, पण स्टिअरिंग अजून वळलेलंच होतं, त्यामुळे शेपूट दुसऱ्या बाजूला निघाली. हा दुसरा झोका पहिल्यापेक्षा वाईट असतो. मागचे टायर रस्ता धरायला लागले, की ते धरतील त्याच वेगाने स्टिअरिंग परत सरळ यायला हवं, आणि त्यासाठी डोळे दूरच्या खांबावर हवेत, बॉनेटवर नकोत. पाचव्यांदा त्यांनी खांबाकडे बघितलं. दोन्ही जमलं.

"गाडीत ईएससी आहे, मग हे कशाला?" असंही विचारतात. ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, ही फार चांगली गोष्ट आहे. युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून ती सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची आहे. मागचा भाग सुटला की ती बाहेरच्या पुढच्या चाकाला एकट्याला ब्रेक लावून गाडी सरळ करते, आणि हे माणसाच्या पायाला कधी जमणार नाही. रस्त्यावर ती कधीही बंद करू नका. पण टायरला जी पकड उरलीच नाही ती तीही आणून देऊ शकत नाही, आणि स्टिअरिंग तुमच्याच हातात असतं. सरावाच्या पट्ट्यावर मी ती बंद करून घेते, म्हणजे गाडी काय करते ते तुमच्या बुडाला थेट कळतं.

हे सगळं बंद आवारात, पाणी टाकलेल्या पट्ट्यावर, ३०-४० किलोमीटरच्या वेगात. चालत्या रस्त्यावर मुळीच नाही, रात्री रिकामा दिसला तरी नाही. ओल्या गुळगुळीत पृष्ठभागावर ३५ च्या वेगात जे कळतं ते कोरड्या डांबरावर ८० ला कळतं, आणि तिथे चुकीला जागा नसते. यायचं ठरवलंत तर आदल्या दिवशी मागच्या टायरच्या खाचा किती उरल्यात ते वाकून बघा. आल्यावर मी आधी तेच बघणार आहे.