ई-लॉकर, नोंद ४: गार असताना लागतो, तापला की नाही

ई-लॉकर म्हणजे डिफरन्शियलमधलं (डिफमधलं) विजेचं कुलूप, बटण दाबलं की मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं. त्याची कॉइल शाबूत आहे. मागच्या नोंदीच्या शेवटी कॅरियर (डिफचे गिअर धरणारा सांगाडा) खाली घ्यायचं ठरलं होतं, तो बेत रद्द. साइड बेअरिंगच्या शिमा (पातळ चकत्या) परत जुळवायचं संकट टळलं.

दोष पुन्हा एकदा: सकाळी गार गाडीत बटण दाबलं की लॉकर बिनचूक लागतो. गगनबावड्यापर्यंत गाडी पळवली, डिफचं तेल तापलं, की तेच बटण, दिवाही लागतो, रिलेही टक्‌ करतो, पण चिखलात चाक एकटंच भिरभिरतं. हा लॉकर बॉल-रॅम्प जातीचा. कॉइल जागेवर स्थिर, कॅरियर फिरता. करंट मिळाला की चुंबक रॅम्प प्लेटला मागे ओढून धरतो, गोळ्या चढणीवर सरकतात आणि लॉक साइड गिअरमध्ये (चाकाचा दांडा फिरवणाऱ्या गिअरमध्ये) बसतो. चुंबक अशक्त असेल तर प्लेट नुसती घसरते.

आता तांब्याचा गुण. दर अंशाला रोध साधारण ०.३९ टक्के वाढतो. ही कॉइल २५ अंशाला ३.६ ओहम भरली, म्हणजे ९० अंशाला सुमारे ४.५. तापल्यावर करंट कमी होणारच, पण तेवढ्यानं धड लॉकर हात टेकत नाही. आधीच वाटेत कुठेतरी व्होल्टेजची गळती असली पाहिजे.

कनेक्टर सोडून मीटर लावला तर पूर्ण १३.८ व्होल्ट. इथेच सगळे फसतात. करंट वाहत नसेल तर खराब जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. टेस्ट लॅम्पचंही तेच, पाच वॅटचा बल्ब ०.४ अँपिअर ओढतो, त्याला दीड ओहमचा अडथळा जाणवतही नाही. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब कॉइलच्या जागी लावला तर तो पिवळा पडला. मग कॉइल जोडून, इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना टप्प्याटप्प्यानं मोजलं: बॅटरी प्लसपासून कॉइलपर्यंत घट ०.३ व्होल्ट. कॉइलच्या अर्थ टोकापासून बॅटरी मायनसपर्यंत ३.४! कॉइलच्या वाट्याला उरले १०.१ व्होल्ट, करंट २.२४ अँपिअर.

अर्थचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) डिफ कव्हरच्या बोल्टला कसला होता. बोल्ट घट्ट, लग चकचकीत, दिसायला काही वावगं नाही. पण ॲक्सल चासीला धरून असतो तो स्प्रिंगच्या पाट्यांच्या रबरी बुशांवर. परतीचा करंट हँडब्रेकची केबल, प्रॉपेलर शाफ्ट, बेअरिंगमधली तेलाची फिल्म असल्या आडवाटांनी जात होता. स्टार्टरसाठी इंजिनाला अर्थ पट्टी असते, ॲक्सलला कोणी देत नाही.

उपाय सोपा. अर्थची स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची वायर त्याच लूममधून (वायरांच्या जुडग्यातून) थेट बॅटरी मायनसला. त्याच वेळी रिलेचा बेसही बदलला, त्याच्या पिना सैल होत्या. आता वाटेतला सगळा रोध मिळून ०.२ ओहम, गरम तेलात २.९ अँपिअर. चुंबकाची ओढ ढोबळमानानं करंटच्या वर्गात वाढते, म्हणजे आधीच्या सुमारे १.७ पट. गरम डिफमध्ये लॉकर पहिल्याच दमात लागला. नाद खुळा!

वायर घेताना टोक खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, काउंटरवरच परत करा. लगला सोल्डर नको, क्रिंपच (दाबून बसवलेला जोड) हवा. सोल्डर जिथे संपतो तिथेच हादऱ्यानं तार तुटते. ॲक्सलवर उतरताना लूम ब्रेक होजच्या सोबतीनं आणि सैल घ्या, मग चासी जॅकवर उचलून चाकं लोंबू द्या आणि ताण बघा. कनेक्टर सीलवालाच. आपल्याकडचा जांभ्याचा लाल गाळ पावसाळ्यात कुठेही शिरतो.

रिलेची जोडणी तशीच आहे (३०, ८५, ८६, ८७ हे रिलेच्या पिनांचे नंबर): बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज, तिथून ३०, ८७ वरून कॉइल, ८६ ला डॅशचं बटण. ८५ मात्र थेट अर्थला न देता लो-रेंजच्या (फोर-व्हील ड्राइव्हच्या संथ गिअरच्या) स्विचमधून नेलं, कारण या गाडीत तो स्विच अर्थ देणारा आहे. तुमचा प्लस देणारा असेल तर तो ८६ च्या वाटेत घाला. कॉइलच्या दोन टोकांमध्ये डायोड हवाच, १एन५४०८ पुरे, पट्टीची बाजू प्लसला. नाहीतर बंद करताना उसळणारं व्होल्टेज रिलेचे पॉइंट खातं. डायोड उलट बसला तर फ्यूज लगेच उडेल.

तपासणी: मागची दोन्ही चाकं घोड्यांवर (जॅक स्टँडवर), पुढच्या चाकांना अडण, गिअर न्यूट्रल. करंट देऊन प्रॉपेलर शाफ्ट हातानं थोडा फिरवा, मग एक चाक फिरवा. दुसरं त्याच दिशेला आलं तर लागला, उलट गेलं तर नाही. दिशा बदलताना क्षणभर सुटून परत धरतो, तो दोष नव्हे.

डॅशवरचा दिवा ८७ वरून घेतलेला, म्हणजे तो वीज गेल्याचं सांगतो, लॉक लागल्याचं नाही. ॲक्सलवर पोझिशन स्विच बसवायचा विचार होता. पण लिहिता लिहिता सुचलं: कॉइलचा रोध तापमानाबरोबर हलतो, तर कॉइलच्या वाटेत ॲमीटरच का नको? गार ३.६ अँपिअर, गरम २.९. लॉक लागल्याचं तोही सांगणार नाही, पण अर्थ परत कुजला तर चिखलात अडकायच्या आधी कळेल, आणि डिफचं तेल किती तापलंय याचा अंदाज फुकट. स्विच मागे, ॲमीटर आधी. मात्र ५ अँपिअरचा घ्यायचा. ३० चा घेतला तर काटा हललाय की डोळ्यांचा भास, हेही कळणार नाही.