गल्लीतला बँजो ऐकायला: ठाणे ते घणसोली गाव

बँजो पार्टी, म्हणजे बँजो, कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि ढोल-ताशा घेऊन लग्नात-मिरवणुकीत वाजवणारी मंडळी, ऐकायची तर हळदीत, आगमनात नाही. पार्टीच्या मागे फिरून ऐकणाऱ्या, रेकॉर्ड करणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये यावर आता कुणी वाद घालत नाही. गणपतीच्या आगमनाला गर्दी मोप, व्हिडिओला व्ह्यूजही मोप, पण पुढे एक पार्टी, मागे दुसरी, बाजूला ढोलपथक. त्या कल्लोळात आपला बँजो मास्तर काय वाजवतोय ते फक्त त्यालाच ठाऊक. हळदीत तो एका जागी असतो, एका घरासाठी वाजवतो, फर्माईश घेतो, आणि दहाला बंद करायचं म्हणून तीन तासांत ठेवणीतलं सगळं बाहेर काढतो. अडचण एकच. हळद कुणाच्या तरी घरची असते. तिला तिकीट नाही, गेट नाही, आणि बहुतेक वेळा नीट पत्ताही नाही.

आम्ही ज्या पार्टीच्या मागे फिरतो ती फार गाजलेली नाही. तिचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण पुढचं सगळं ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही पार्टीला लागू पडतं. तुळशीच्या लग्नानंतर सिझन उघडतो तो थेट वैशाखापर्यंत. मध्ये चैत्रात गावजत्रा आणि कार्ल्याला एकवीरेच्या पालख्या. मग पावसात शुकशुकाट, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांतून थोडी जाग, त्यानंतर गणपती आणि नवरात्र. हळदी ऐकायच्या तर माघ-फाल्गुन बघा. उकाडा कमी असतो आणि तारांचा सूरही जास्त वेळ टिकतो.

पार्टीची त्या दिवशीची सुपारी, म्हणजे वाजवायचं ठरलेलं काम, कुठे आहे हे दुपारी स्टेटसला पडतं. त्यात गावाचं नाव आणि एखादा ज्वाळेचा इमोजी, एवढंच. इथून ग्रुपचं काम सुरू होतं, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात ते वाटतं तितकं सोपं नाही. ‘दिवा’ लिहिलं असेल तर नवा माणूस दिवा जंक्शनचं तिकीट काढतो. सुपारी असते ऐरोलीच्या दिवागावात, खाडीकाठी. ‘जुहू’ म्हणजे चौपाटी नव्हे, वाशीतलं जुहूगाव. ‘कोपरी’ ठाणे पूर्वेलाही आहे आणि वाशीजवळही. ‘दिवाळे’ बेलापूरचा कोळीवाडा, त्याचा दिव्याशी काही संबंध नाही. म्हणून आमच्याकडे नियम ठरलेला आहे: गावाच्या नावाबरोबर स्टेशन, देऊळ आणि यजमानाचं पूर्ण नाव मिळाल्याशिवाय ‘चला’ असा मेसेज टाकायचा नाही. पूर्ण नाव का, ते गावात शिरल्यावर कळतं. ‘पाटलांकडची हळद कुठे?’ असं विचारलं की समोरचा हसतो, कारण तोही पाटील असतो आणि त्याच्या मागचा मंडपही पाटलांचाच. वडिलांच्या नावासकट विचारलंत की लहान पोरगंसुद्धा दारापर्यंत आणून सोडतं.

घणसोलीची सुपारी असली की ठाण्याहून जाणं सोपं. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकल प्लॅटफॉर्म ९, १० आणि १०ए वरून सुटतात. वाशी, नेरूळ, पनवेल अशा पाट्यांत गोंधळून जाऊ नका. फाटा तुर्भ्यानंतर आहे, त्यामुळे ऐरोली, रबाळे, घणसोली आणि कोपरखैरण्यासाठी कुठलीही गाडी चालते. दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, त्यामुळे दिघ्याच्या हळदीला आता ऐरोलीला उतरून उलटं यावं लागत नाही. संध्याकाळी सहा ते आठ डब्यात उभं राहायलाही जागा नसते. स्टँड, ट्रायपॉड असलं काही असेल तर पाचच्या आत निघा, आणि परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा.

घणसोलीला पश्चिमेकडे उतरायचं. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसी आहे, तिकडे वाजलाच तर कंपनीचा भोंगा वाजेल. रिक्षावाल्याला सेक्टर सांगू नका, ‘घणसोली गाव’ सांगा. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली आली, तिने गावांभोवती सेक्टर आखले, पण गावठाणाच्या आतल्या गल्ल्या जुन्याच राहिल्या. मोबाईलच्या नकाशातली पिन पुष्कळदा सोसायटीच्या मागच्या भिंतीशी नेऊन उभी करते. पलीकडे मंडप दिसतो, पण जायला वाट नसते. गावाच्या तोंडाशी उतरून आवाजाच्या मागे चालत जाणं केव्हाही बरं. फक्त लग्नसराईत एका संध्याकाळी दोन-तीन हळदी लागलेल्या असतात, तेव्हा कान नाही, यजमानाचं नाव कामाला येतं.

मंडपात पोचल्यावर फोन खिशातच राहू द्या. आधी नवरदेवाचे वडील किंवा काका शोधायचे, नमस्कार करायचा, ‘काका, आम्ही पार्टी ऐकायला आलोय, कडेला उभे राहिलो तर चालेल का?’ एवढं विचारायचं. आजवर ‘नको’ ऐकायची वेळ आली नाही, ‘जेवल्याशिवाय जायचं नाही’ हेच ऐकायला मिळतं. तिथे मात्र ग्रुपचा संकेत पाळा. यजमानाने हाताला धरून बसवलं तरच पंगतीला बसायचं. मटण आणि तांदळाची भाकरी पाहुण्यांच्या आकड्यावर बेतलेली असते. आठ-दहा अनोळखी पोरं जेवून गेली तर पुढच्या वेळी पार्टीवाल्यालाच ऐकून घ्यावं लागतं. बक्षीस द्यायचं असेल तर पार्टीच्या मालकाच्या हातात, यजमानाच्या नावाने. माईकवरून आपलं नाव पुकारायला लावणं शोभत नाही.

काही घरांत आधी धवला होतो. धवलारीण वाद्याशिवाय लग्नाची गाणी म्हणते, बायका मागे धरतात. त्या वेळी रेकॉर्डर बंद. हा आमचा नियम आहे आणि मला तो अगदी पटतो, कारण धवला ही घरची गोष्ट आहे. बँजोवाले दारात साउंड जोडत असले तरी तेवढ्या वेळात टेस्टिंगचा ‘हॅलो, हॅलो’ करत नाहीत. पार्टी जाणती आहे की नाही हे मी यावरूनही ओळखतो.

आता वाद्यांकडे वळू. हा बँजो म्हणजे पाश्चात्त्य गोल बँजो नव्हे. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये ताईशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, टाइपरायटरसारख्या बटणांचं. ते आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं, आणि त्याला पिकअप (तारांचा आवाज विजेच्या संकेतात बदलणारा भाग) लावून अँप्लिफायरला जोडलं की आपला बँजो. डावा हात बटणांवर, उजव्या हाताने तारा छेडायच्या. स्वर चटकन विरतो, म्हणून लांब ओळ धरायची तर उजवा हात सतत थरथरता ठेवावा लागतो. संथ गाण्यात कान तिकडे द्या. थरथर एकसारखी असेल तर मास्तर पक्का. बटणांमुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जवळपास नाहीच, गायकाची घसरण दोन-तीन बटणं झरझर दाबून भासवावी लागते. वेगात वाजवणारे पुष्कळ, हा भास जमवणारे मोजके.

बिघाडही याच रचनेतून येतात. दमट हवेत बटणाखालची स्प्रिंग गंजते, बटण दाबलेलंच राहतं आणि एकच स्वर मध्येमध्ये टोचत राहतो. मांडवातल्या गरम हॅलोजनखाली तारा सैल पडतात, त्यामुळे तासाभरात बँजो कीबोर्डच्या किंचित खाली येतो. दोन गाण्यांमध्ये निवेदक जास्त बोलायला लागला की समजायचं, मागे सूर मिळवणं चाललंय. सतत घुमणारी घूं ऐकू आली तर ती मेन्सची ५० हर्ट्झची, अर्थिंग धड नसल्याची. मास्तरने तारांवर हात ठेवल्यावर ती कमी झाली तर दुखणं बँजोतच शोधायचं.

ऑक्टापॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, त्यावर आठ पॅड. त्यांवर ढोलकी, संबळ, टाळी असे आवाज लावलेले असतात आणि गाण्यागणिक किट, म्हणजे आवाजांचा संच, बदलावं लागतं. बदलायचं राहिलं की सहा मात्रांच्या कोळी ठेक्यात ढोलकीच्या जागी भलतीच झांज वाजते. लाईट जाऊन जनरेटर लागला की ऑक्टापॅड आणि कीबोर्ड पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतात, अँप्लिफायर बंद म्हणून बँजोही मुका होतो. तेवढा वेळ ढोल-ताशावाले ठेका सोडत नाहीत, नाचणारे थांबत नाहीत, आणि वीज आल्यावर बँजो समेवर शिरतो. आमच्या संग्रहात सर्वांत जास्त मागणी अशाच तुकड्यांना आहे.

रेकॉर्डिंगचं थोडं सविस्तर सांगते, कारण नव्या मुलांचे नव्वद टक्के व्हिडिओ इथेच वाया जातात. स्पीकरपुढे फोन धरला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही ॲपने सांधता येत नाही. शिवाय फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो, त्यामुळे प्रत्येक ढोलाच्या ठोक्याला बँजो दबतो आणि मग पुन्हा वर येतो. खिशात मावणारा साधा रेकॉर्डर बरा. पातळी हाताने ठेवा, मोठ्यात मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर −१२ डेसिबलच्या आसपास जाईल अशी (० ला आवाज फाटतो). ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ डब्ल्यूएव्ही केलंत तर तासाला साधारण १ जीबी लागतो. फोमची टोपी हवीच, मांडवातले पंखे खाडीवाऱ्यापेक्षा वाईट. उभं राहायचं ते स्पीकरच्या तिरक्या रेषेत, आठ-दहा मीटरवर, जनरेटरच्या विरुद्ध बाजूला. पाठीशी भिंत नको, गल्ली अरुंद असली की भिंतीवरून परतलेला आवाज बँजोची धार खातो. व्हिडिओ फोनवर घ्यायचा, सुरुवातीला एक खणखणीत टाळी वाजवायची, घरी ती जुळवून दोन्ही एकत्र करायचे.

कानांत फोमचे बोळे घाला. ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. बोळ्यांनी बँजो कमी ऐकू येतो ही समजूत चुकीची आहे. ढोलाचा मार कमी झाला की स्वर उलट सुटे ऐकू येतात.

बरोबर दहाला बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर चालत नाही. सणासुदीला राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. हळदीला ती नाही. मंडपात पाहुणे उशिरा आले, पार्टी साडेआठला बसली, की दीड तासातच सामान टेम्पोत. अशा वेळी ‘अजून एकच’ म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांना आम्ही ग्रुपमधून काढतो, कारण पोलीस आले तर जप्त होतो तो पार्टीचा अँप्लिफायर, आपला फोन नव्हे. दहानंतर स्टेशनकडे रिक्षा कमी असतात. शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा आणि तिच्या आधीचीच पकडा.

अपलोड करताना नावात पार्टी, गाव, प्रसंग आणि तारीख, याच क्रमाने. खाली गाण्यांची यादी, प्रत्येकासमोर पट्टी (गाणं पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या सुरावर आहे ती) आणि ठेका: काळी एक, कोळी. काळी चार, लेझीम. असं लिहिलं की शिकणाऱ्या पोरांना कामाला येतं. चित्रपटगीतावर हक्कदाराचा दावा येणारच, जाहिरातीचे पैसे तिकडे जातील, त्याची तक्रार करत बसू नये. नाचणाऱ्या बायका-मुलांचे जवळून घेतलेले शॉट यजमानाला दाखवल्याशिवाय टाकायचे नाहीत. आणि मास्तरने हळदीत एखादी नवी चाल अंदाज घ्यायला वाजवली असेल तर ती फाईल ग्रुपवरसुद्धा जात नाही. ती आगमनासाठी राखून ठेवलेली असते. दुसऱ्या पार्टीने आठवड्यात उचलून तीच आधी वाजवली तर आपल्या पार्टीचा वर्षाचा टायटल ट्रॅक, म्हणजे ओळखीची धून, गेला. आगमन होऊन गेलं की मालक स्वतःच फोन करून सांगतात, टाका आता.