‘दिलंय’चं इंग्रजी

ओईटी, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. तिची तयारी करणाऱ्या नर्सेसना मी इंग्रजी शिकवते. परदेशात नोकरी करायची म्हणून ही परीक्षा. लेखनाला 45 मिनिटं, त्यातली पहिली 5 नुसती केस नोट्स वाचायला. मग पेशंटविषयी पत्र लिहायचं.

परवा नाइट संपवून थेट क्लासला आलेल्या एका सिस्टरच्या पत्रात होतं, ‘ही हॅड डायबिटीस फॉर टेन इयर्स.’

“सिस्टर, बरा केलात की त्याचा डायबिटीस!” सगळ्या हसल्या. साध्या भूतकाळात खातं बंद होतं. दहा वर्षं होता, आता नाही. अजून आहे, म्हणून ‘हॅज हॅड’. हे त्यांना लगेच पटलं.

पुढची ओळ: ‘इन्सुलिन हॅज बीन गिव्हन ॲट सिक्स एएम.’ मी ‘हॅज बीन’वर लाल काट मारून ‘वॉज’ लिहिलं. काल, सहा वाजता, 2019 मध्ये, अशी संपलेली वेळ सांगितली की तिथे ‘हॅज’ बसत नाही.

“मग मॅडम, ‘दिलंय’ कुठे गेलं?”

“म्हणजे?”

“ड्यूटी बदलताना, हँडओव्हरला, पुढच्या सिस्टरला आम्ही ‘सहाला दिलं’ नाही म्हणत. ‘सहाला दिलंय’ म्हणतो. म्हणजे, बाई, तू परत देऊ नकोस.”

मला पटकन उत्तर सुचेना. त्या एवढ्याशा ‘य’मध्ये घड्याळही मावतं आणि ताकीदही. इंग्रजी क्रियापद म्हणतं, दोन्हींपैकी एक घ्या. शाळेत आम्हाला ‘ला आहे, ली आहे, ले आहे दिसलं की हॅव-हॅज’ असं घोकायला लावलं होतं. ज्याने कुणी हे सूत्र काढलं त्याने माझ्यासारख्यांच्या पोटापाण्याची कायमची सोय केली. ‘काल मुंबईला गेलो होतो’चं ‘हॅड गॉन’ही तिथलंच, अजून ऑफिसांतून सुखाने फिरतंय.

“चार्टवर काय लिहिता?”

“नुसतं ‘गिव्हन’. वेळ आणि सही.”

ना ‘वॉज’, ना ‘हॅज’. आणि मी इतकी वर्षं याला आळशी इंग्रजी म्हणत आलेय.

पुढच्या पत्रात त्यांनी लिहिलं, ‘इन्सुलिन वॉज गिव्हन ॲट सिक्स एएम अँड हॅज नॉट बीन रिपीटेड सिन्स.’ लाल पेन हातात होतं. टोपण लावलं.